पाण्यावरचा मानपान

इंदुरात शिडाची होडी विकत घेणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात हे ज्याला ऐकायचं असेल, त्याने ती बैलगाडीवर घालून ऐन बाजाराच्या वेळी मल्हारगंजाच्या गल्लीत आणावी. रघुवीरराव पागनिसांनी तसंच केलं. पहिल्याच वळणावर गाडी अडकली. होडीचं टोक जिलबीवाल्याच्या कढईवर आणि बूड समोरच्या न्हाव्याच्या ओट्यावर, अशी ती गल्लीला आडवी झाली आणि मागे टांगे, हातगाड्या आणि कुणाच्या तरी मयताला निघालेली चार माणसं तुंबली.

"क्यों पागनिसजी, बाढ़ आ रही है क्या?" जिलबीवाल्याने झारा हातात धरून विचारलं.

"अरे, नाव तो आ गई. समंदर पीछे वाले टांगे में होगा," न्हावी म्हणाला.

रघुवीररावांनी छाती काढून दरबारी आवाजात "रस्ता द्या!" म्हटलं. हा आवाज एके काळी भल्याभल्या मानकऱ्यांना जागच्या जागी बसवायचा. आता त्याने बैलसुद्धा हलले नाहीत. शेवटी न्हाव्यानेच गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच वाळत ठेवला, होडीला खांदा दिला, आणि ती एकदाची पागनिसांच्या अंगणात येऊन विटांवर बसली.

होडी चांगली होती, हे आधी सांगितलं पाहिजे. कुणा गोऱ्या इंजिनिअराने हौसेने मुंबईहून आणवली होती म्हणे. स्वराज्य आलं तसा साहेब विलायतेला गेला आणि होडी सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या गोदामात येऊन पडली. सेठजींनी तिच्यात लाल मिरची भरली. आमच्याकडे कुठलीही चांगली वस्तू शेवटी काहीतरी भरून ठेवायच्या कामी येते, माणसंसुद्धा. "ले जाओ साब, जगह खाली हो," सेठजी म्हणाले. "माल असली सागवान है. बस दो-चार दिन छींक आएगी." छींक दोन-चार दिवस नव्हे, दोन-तीन महिने आली. मग घरच्यांची नाकं निर्ढावली आणि मिरची गेली असं सगळ्यांनी धरून टाकलं.

आता घोड्यावर बसायला भिणाऱ्या माणसाने होडी का घ्यावी? त्याचं कारण घरात स्वयंपाक करत होतं. इंदुमतीबाई मालवणच्या. लग्न होऊन इंदुरात आल्या त्या आल्याच. परत माहेरी जाणं काही झालं नाही. दर वर्षी रघुवीरराव म्हणायचे, "यंदा नक्की." मग दसऱ्याचा दरबार यायचा, नाहीतर सरकारांचा, म्हणजे महाराजांचा, वाढदिवस. बाईंचे वडील गेले तेव्हाही दरबार तोंडावर आला होता. तार वाचून त्या न्हाणीघरात गेल्या, बाहेर आल्या आणि कुकर नव्हता त्या काळातही त्यांनी भात वेळेवर रघुवीररावांच्या पानात वाढला.

कारण रघुवीररावांचं आयुष्य बैठकीत गेलेलं. स्वतः बसण्यात नव्हे, दुसऱ्यांना बसवण्यात. दरबारात कोण उजवीकडे, कोण डावीकडे, कुणाला लोड, कुणाला नुसती गादी, सरकार उठले की कोणी किती चटकन उठायचं, हे सगळं इंदूर संस्थानात एकट्या पागनिसांना तोंडपाठ होतं. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत आला, आणि बसणाऱ्यांनाच जागा उरली नाही तिथे बसवणाऱ्याला कोण विचारतो? नव्या सरकारने त्यांना एका खात्यात टेबल दिलं. ते व्हरांड्यात होतं, पाण्याच्या माठाला लागून. ज्याला तहान लागे तो पागनिसांच्या डोक्यावरून ओगराळं नेई आणि चार थेंब त्यांच्या कागदांवर सांडून "माफ करना भिया" म्हणून जाई. ज्याने सगळ्यांच्या जागा राखल्या त्याला ही जागा मिळाली. याचं दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या माठाशेजारी बसल्या बसल्या त्यांच्या एक लक्षात आलं. ज्यांच्यासाठी बायकोला थांबवलं त्यांतला एकही आता ओळख देत नाही. बायको मात्र आहे, आणि तिला दाखवायला आपल्याकडे काहीही नाही. समुद्र इंदुरात आणणं जमणार नव्हतं. म्हणून मग होडी.

"पाण्यात पडली की पहिली तू बसायचीस," ते म्हणाले. "शपथ."

इंदुमतीबाईंनी होडीच्या कडेवरून हात फिरवला, हाताला लागलेली मिरची डोळ्यांना लागली, आणि त्या रडल्या की मिरचीने पाणी आलं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारचे अच्युतराव भूगोल शिकवून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी शाळेच्या नकाशात पाहिला होता, आणि त्या नकाशातल्या अरबी समुद्राचा बराचसा भाग उंदरांनी खाल्ला होता. पण अधिकार तो अधिकार. रोज सकाळी चहाच्या वेळेला ते येत आणि होडीभोवती प्रदक्षिणा घालत.

"मी काय म्हणतो रघुवीरराव, हिला खालून पत्रा मारा."

पत्र्याचा विचार सुरू झाला की दुसऱ्या दिवशी म्हणत, "पत्रा? अहो, बुडवायची आहे का? कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

सुतारकामाला पांडुरंग आला. तो टांगे बनवायचा, आणि त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, टांगे आणि अजून पुरे न झालेले टांगे. "साहेब, कमानी टाकून देऊ का हिला? दचके नाही बसणार."

"अरे, पाण्यात दचके कुठले?"

"ते बरोबर आहे साहेब, पण कमानी असल्या की माल कसा वजनदार दिसतो." कमानी कशाबशा टळल्या. तरी त्याने चढायला पायदान लावलंच, दोन्ही बाजूंना पितळी दिवे लावले, आणि मागे दाबायचा भोंगा. भोंगा इंदुमतीबाईंनी स्वतः उपटून काढला. दिवे रघुवीररावांनी राहू दिले. शोभा आहे म्हणाले.

खरं काम बाईंनीच केलं. भेगांत कापूस आणि डांबर कोंबून घेतलं. "फळ्या कोरड्या पडल्या की आकसतात, मग पाण्यात सोडली की चाळणी," असं म्हणून रोज होडीत बादल्या ओतल्या आणि वर ओली पोती घातली. पागनिसबाई होडीला पाणी घालतात, पावसाळ्यात तिला पालवी फुटणार, असं गल्लीत झालं. गिरणीचं जाड कापड आणून त्यांनी ओट्यावर मशीन मांडून शीड शिवलं. शिवताना गुणगुणत. रघुवीरराव कचेरीतून आताशा थेट घरी येऊ लागले होते.

संध्याकाळी विटांवरच्या होडीत दोघं बसत. मागे सुकाणूपाशी बाई, पुढे दोर धरून रघुवीरराव.

"वारा डावीकडून आला. काय कराल?"

"आधी कळवून येईल ना?"

बाई हसल्या. इतक्या हसल्या की अच्युतराव भिंतीवरून डोकावले. बायको अशी हसते हे रघुवीररावांना नवीन होतं, आणि खोटं कशाला बोलायचं, माठाशेजारच्या त्या सगळ्या काळात त्यांना सुख असं मिळालं ते त्या विटांवर.

पण होडी विटांवर चालत नाही. पाणी लागतं, आणि पाण्याला परवानगी लागते. सिरपूरच्या तलावासाठी अर्ज केला तर पाण्याचं काम बघणारे म्हणाले, आमचा संबंध पाण्याशी, वर काय चालतं त्याच्याशी नाही. मासळीवाले म्हणाले, तुम्ही मासे धरणार नाही, मग आम्ही तुम्हाला कशाला धरू? वाहनांचं बघणाऱ्यांनी मात्र आपुलकीने घेतलं आणि चाकं किती ते विचारलं. रघुवीररावांनी "निरंक" लिहिलं, तर उत्तर आलं की चाकं नसलेलं वाहन बिघडलेलं समजण्यात येतं, दुरुस्त करून आणावं. तोवर थंडी पडली. मध्यभारताला राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर आणि थंडीत ग्वाल्हेर. साहेब लोक पेट्या-पेटारे घेऊन ग्वाल्हेरला गेले आणि त्यांच्याबरोबर होडीची फाईलही हवापालटाला गेली. परत आली ती चैत्रात, जयसिंगरावांच्या टेबलावर.

जयसिंगराव रघुवीररावांचे वरिष्ठ. माणूस मुळात वाईट नव्हता, ग्वाल्हेरचा होता एवढंच, आणि ते तो विसरू देत नसे. "आमच्या ग्वाल्हेरला असं नसतं पागनिस," हे त्याचं दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य.

"तुमच्या इंदूरला नाव तरंगेल इतकं पाणी आहे तरी का?" त्याने सहीची लेखणी उचलून विचारलं. "बरं, ठीक आहे. पहिल्या फेरीला आम्ही येऊ. आमच्या यशोधराबाईंनाही हौस आहे."

"साहेब, हा तर आमचा मान," रघुवीररावांचं तोंड बोलून गेलं. डोक्याला ते मागाहून कळलं.

घरी त्यांनी अर्धंच सांगितलं. साहेब येणार आहेत म्हणाले. "येऊ देत की," इंदुमतीबाई म्हणाल्या. "दाटीवाटीने सात माणसं बसतात." पण मानपान म्हणजे घरात शिरलेली वाळवी, एका जागी थांबत नाही. साहेबांना बोलावलं आणि जावयाला नाही, हे कसं दिसेल? लेक उषा तुकोगंजात दिली होती. जावई दिवाकरराव दिवाळीला पाट आणि भिंत यांत अंतर कमी पडलं म्हणून अर्ध्या जेवणावरून उठणारे गृहस्थ. त्यांना सांगितलं. मग ते रघुवीररावांच्या बहिणीला, बेबीआक्कांना कळलं आणि त्या आपणहून बॅग घेऊन आल्या. अच्युतरावांना कोणी बोलावलंच नव्हतं, पण त्यांच्या मते होडी त्यांनीच बांधली होती.

आणि या सगळ्यात रघुवीरराव खुलले. किती दिवसांनी त्यांनी कुणाला कुठे बसवायचं याचा विचार केला! होडी म्हणजे एक छोटा दरबारच. मागची उंच फळी म्हणजे गादी, तिथे साहेब. त्यांच्या डावीकडे यशोधराबाई. जावयाला पुढचा मान द्यावा, पण साहेबांकडे पाठ होता कामा नये, म्हणून पुढे, तोंड मागे करून. असं करत करत त्यांनी सातही जागा लावल्या. काम इतकं चोख झालं होतं की त्यात काही राहिलंय हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. बारा गावच्या बारा मानकऱ्यांच्या आज्या-पणज्यांची नाराजी आधीच ओळखणारा हा माणूस.

अक्षय तृतीयेच्या सकाळी सिरपूरला होडी पाण्यात पडली आणि खरोखर तरंगली. तलावात मासे धरणाऱ्या भोयांनी टाळ्या वाजवल्या. रघुवीररावांनी हात जोडून एकेकाला पायदानावरून चढवलं. साहेबांना लोड दिला. सुकाणू त्यांच्या हाताशीच येत होतं, तेही मानाचं म्हणून त्यांच्याच हातात दिलं. अच्युतराव शाळेतलं होकायंत्र घेऊन मधोमध बसले. शेवटी स्वतः दोरापाशी बसले आणि होडी भरली.

इंदुमतीबाई काठावर होत्या. त्यांनी आज जुनं सुती नऊवारी नेसलं होतं, पदर खोचला होता, वहाणा काढल्या होत्या. एक पाय पाण्यात होता.

"मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

जन्मभर ज्या प्रश्नाची उत्तरं दिली तोच प्रश्न. रघुवीररावांनी होडीभर नजर फिरवली.

"तू काय, घरचीच," ते हसत म्हणाले. "ही पहिली पंगत पाहुण्यांची होऊ दे. दुसऱ्या पंगतीला आपण आहोतच."

"आई, मी उतरते," उषा म्हणाली.

"गप बस," बेबीआक्का म्हणाल्या. "जावयाशेजारची जागा रिकामी दिसली की लोक काय म्हणतील?"

इंदुमतीबाईंनी पाण्यातला पाय काढून घेतला. "बरं," त्या म्हणाल्या.

शीड भरलं. होडी निघाली, आणि काय निघाली! पितळी दिवे उन्हात झळकले. यशोधराबाई "अय्या" म्हणाल्या. "आमच्या ग्वाल्हेरला..." साहेबांनी सुरुवात केली, पण वाक्य पुरं झालं नाही, ही त्यांची कारकिर्दीतली पहिलीच वेळ असेल. तळाच्या फळ्यांखाली पाणी झिरपलं होतं, वरून वैशाखाचं ऊन, आणि सेठजींची मिरची जागी झाली होती. साहेबांना शिंक आली.

"एक शिंक. थांबा," बेबीआक्का म्हणाल्या. "अपशकुन आहे."

होडीला थांबवणार कुठे? साहेब दुसऱ्यांदा शिंकले. "आता दोन झाल्या, चला," आक्का म्हणाल्या. तिसरी यशोधराबाईंना आली, चौथी दिवाकररावांना, आणि ती कुणाच्या खात्यावर धरायची यावर आक्का विचारात पडल्या असताना सगळेच शिंकू लागले. साहेबांनी नाकाला रुमाल लावायला सुकाणू सोडलं. होडी फिरली, शिडाचा आडवा दांडा सणकन इकडून तिकडे गेला आणि जाता जाता साहेबांची ग्वाल्हेरी पगडी घेऊन गेला.

साहेब ताडकन उभे राहिले.

आणि साहेब उभे राहिले म्हटल्यावर रघुवीरराव उभे राहिले.

"बसा!" काठावरून हाक आली. "अहो, खाली बसा! सगळे खाली बसा!"

इंदुमतीबाई आजवर चारचौघांत कधी ओरडल्या नव्हत्या. रघुवीररावांना हाक स्पष्ट ऐकू आली. ती बरोबर आहे हेही कळलं. एक गुडघा वाकलासुद्धा. पण समोर वरिष्ठ उभे. ते उभे असताना आपण बसायचं? गुडघा सरळ झाला. इतकंच नव्हे, त्यांनी बाकीच्यांनाही हाताने खूण केली, उठा. सगळे अदबीने उठले. बसून राहिले ते एकटे अच्युतराव, त्यांना होकायंत्रात उत्तर दिशा सापडत नव्हती म्हणून. होडी एका अंगाला कलली आणि तिने सगळ्या मंडळींना सारख्याच इतमामाने तलावात उतरवलं.

पाणी कंबरेइतकंच, पण गाळ गुडघाभर. त्या गाळातसुद्धा माणसं ज्या क्रमाने बसली होती त्याच क्रमाने उभी होती. बैठक पक्की लागली होती, एवढं म्हणावं लागेल.

"पागनिस!" साहेब गरजले. "हा इंदूरवाल्यांचा कट आहे! उद्यापासून या तलावात ही नाव दिसता कामा नये. उद्याच हुकूम काढतो!"

भोयांनी एकेकाला बाहेर काढलं. साहेबांना आधी हात दिला म्हणून दिवाकरराव रुसले आणि गाळातून यायलाच तयार होईनात. इंदुमतीबाईंनी सगळ्यांना पंचे दिले, चादरी दिल्या, यशोधराबाईंना आपलं बरोबर आणलेलं कोरं लुगडं दिलं. मग झाडाखाली पानं मांडून आमरस-पुरी वाढली. मंडळी अपमान गिळत गिळत पोटभर जेवली. आमरसाच्या पातेल्याला तळ दिसल्यावर टांगे आले, आणि कोण कुणाच्या टांग्यात बसणार यावरून थोडी कुरबुर होऊन सगळे गेले.

दोघंच उरली. भोयांनी होडी सरळ करून पाणी उपसलं होतं. शीड निथळत होतं. रघुवीररावांच्या मिशांतून चिखल ओघळत होता. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि मनापासून वाईट वाटलं की ते पुरे होतं अशी त्यांची समजूत होती.

"चल," ते म्हणाले. "हुकूम उद्याचा आहे. आज कोण अडवतंय? आता आपण दोघंच."

इंदुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. रागावल्या असत्या तर रघुवीररावांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही भिजला आहात," त्या म्हणाल्या. "उन्हात बसा जरा."

पायदानाकडे न बघता त्या कडेवरूनच आत गेल्या. होडी हललीसुद्धा नाही. बांबूने काठाला रेटा दिला. घट्ट जमीन बघून त्या आपल्याला घ्यायला होडी वळवतील, असं वाटून रघुवीरराव दोन पावलं पाण्यात शिरले आणि उभे राहिले. होडी वळली नाही. बाईंनी दोर ओढला, शीड फुगलं, होडी कलली तशा त्या उलट्या अंगाला सहज रेलल्या, आणि एका हातात सुकाणू धरून भर पाण्याकडे निघाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मुद्दाम नव्हे. त्यांना काठाची आठवणच उरली नसावी, आणि हेच रघुवीररावांना लागलं. त्यांनी रागावून बघितलं, जमलं नाही. ओरडायला गेले, पण काय म्हणून हाक मारणार?

एक म्हातारा भोई विडी पेटवून त्यांच्याजवळ येऊन बसला होता. तोही डोळ्यांवर हात धरून बघत होता.

"बाईसाब तो बड़ी पक्की हैं," तो म्हणाला. "किससे सीखीं, साब? बाप से?"

रघुवीरराव आठवू लागले. इंदुरातल्या कुठल्या मानकऱ्याच्या कुठल्या पूर्वजाला कशाबद्दल लोड मिळाला हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मालवणला ते एकदाच गेले होते, लग्नाला. मांडवात कोण कुठे बसलं होतं ते आठवत होतं. सासऱ्यांचा चेहरा आठवेना. त्यांना होडी होती का? की भाऊ शिकवायचा? बाईंना भाऊ किती?

भोईने विडीची राख झटकली.

"पूछना पड़ेगा," रघुवीरराव म्हणाले.

होडी तोवर पलीकडच्या काठाजवळ पोचली होती. इतक्या लांबून शिडापलीकडे काही दिसत नव्हतं.